आधार आहे हो भाऊ, पण सीमेवर प्रश्न वेगळा असतो

ताई, नमस्कार. मी पारोळ्याचा. शेती आहे, कृषी सेवा केंद्र आहे. येत्या मे महिन्यात घरच्या नऊ जणांनी नेपाळला जायचं ठरवलंय. आई (वय 72), मी, मिसेस, मुलगा (16, दहावीची परीक्षा देतोय), मुलगी (11), मोठी बहीण, भाऊजी आणि सुरतच्या मेहुण्यांचा मुलगा (17), असे आठ जण भुसावळहून रेल्वेनं गोरखपूरला आणि तिथून सीमेवरच्या सोनौलीला जाऊ. धाकटा भाऊ पुण्यात असतो, तो मुंबईहून विमानानं थेट काठमांडूला येईल. एजंट म्हणतो आधार कार्ड पुरे. ग्रुपवर एक जण म्हणतो आधार चालतच नाही, दुसरा म्हणतो मी दोनदा आधारवर जाऊन आलो. पासपोर्ट फक्त भावाकडे होता, तोही दोन वर्षांपूर्वी संपला. मिसेसचं मतदान कार्ड माहेरच्या नावाचं, शिरपूरचं आहे. आईच्या आधारवर वय चुकून 63 लागलंय. सगळ्यांचे पासपोर्ट काढून टाकू का? आई म्हणते, "माले काय करनं शे पासपोर्ट लिसनी?" त्यात भाऊजींनी नवीनच काढलंय, रेल्वे नको, माझी गाडी घेऊन जाऊ. ताजा कलम : आई विचारते, पशुपतीनाथासाठी तापीचं पाणी नेऊ देतील का?
एक भाऊ, पारोळा

भाऊ, नमस्कार.

आधी एजंटचं बघू. तो खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. ग्रुपवरचे दोघेही खरं बोलतायत. म्हणूनच तुमचा गोंधळ उडालाय.

सोनौलीला तुम्ही उभे राहाल तेव्हा दिसेल. कमानीखालून सायकली, रिक्षा, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, शाळेची पोरं, सगळं आपल्या आठवडे बाजारासारखं इकडून तिकडे चाललेलं असतं. भारत आणि नेपाळ यांच्यात 1950 च्या 31 जुलैला मैत्रीचा करार झाला. तेव्हापासून दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांकडे जायला व्हिसा लागत नाही. सशस्त्र सीमा बलाचा जवान प्रत्येकाला थांबवत नाही, थांबवणं शक्यही नाही. ज्याला थांबवलं नाही तो घरी येऊन सांगतो, "आधारवर जाऊन आलो." अहो, तो आधारवर गेला नाही, तो न विचारता गेला. त्याला विचारलं असतं तर काय झालं असतं, ते त्यालाही माहीत नाही. अशा माणसाच्या अनुभवावर आठ जणांची सहल बेतू नका, एवढंच म्हणेन.

आता आधार का नाही, हे एकदा नीट समजून घ्या. ते समजलं की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील. आधार मिळतं इथं राहणाऱ्याला. वर्षभरात 182 दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूसही आधार काढू शकतो. आधारचा 2016 चा कायदाच सांगतो की हा नंबर म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. म्हणजे बँक, गॅस एजन्सी, रेशन दुकान विचारतं की "तू तोच का?", त्याचं उत्तर आधार देतं. सीमेवर विचारतात, "तू भारताचा नागरिक का?" त्याचं उत्तर आधारकडे नाही. मतदान कार्डाकडे आहे, कारण मतदार यादीत नाव फक्त नागरिकाचं लागतं. पासपोर्टकडे तर आहेच. म्हणून नेपाळला जायला दोनच कागद धड : चालू मुदतीचा पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड. विमानानं जाणाऱ्याला तर यातलं एक नसेल तर काउंटरच्या पुढे पाऊल टाकता येत नाही.

दोन वयांना मात्र सूट आहे. 15 वर्षांच्या आतली मुलं आणि 65 च्या वरची माणसं. त्यांच्याकडे वय आणि ओळख पटेल असा फोटोचा कुठलाही सरकारी कागद असला तरी चालतो, तिथं आधारही चालतं. तुमची अकरा वर्षांची मुलगी या सवलतीत बसते, तिचं आधार घ्या, मोकळे व्हा. फक्त त्यावरचा फोटो बघा. पाळण्यातल्या बाळाचा फोटो असेल आणि समोर दोन वेण्यांची पोरगी उभी असेल, तर अधिकारी बिचारा काय ओळखणार? पाचव्या वर्षानंतर मुलांचं आधार अपडेट करायचं असतंच. राहिलं असेल तर या निमित्तानं उरकून टाका.

या 65 च्या आकड्यानं माझी एकदा चांगलीच फजिती केली आहे. 2022 साली मी एक गट काठमांडूला नेत होते, विमानानं. त्यात धरणगावचे एक निवृत्त काका होते, वय 61. "ज्येष्ठांना आधार चालतं" एवढं मी कुठंतरी वाचलेलं, आणि ज्येष्ठ म्हटलं की माझ्या डोक्यात 60 हाच आकडा पक्का बसलेला. पहाटे चारला मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं काकांचं आधार हातात घेतलं, जन्मतारीख बघितली आणि कार्ड परत त्यांच्यासमोर ठेवलं. मी वाद घातला, आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, पासष्ट." काकांचं मतदान कार्ड धरणगावला, कपाटात, साड्यांच्या घडीखाली. काकू रडायला लागल्या, कारण त्यांच्याकडे होतं आणि त्यांना एकटीला जायचं नव्हतं. शेवटी दोघेही राहिले. पुतण्या रात्रीच्या गाडीनं कार्ड घेऊन मुंबईला आला आणि ते तिसऱ्या दिवशी पोचले. नव्या तिकिटांचे पैसे मी भरले, भरायलाच हवे होते, चूक माझी होती. तेव्हापासून माझी सवय आहे, आठ दिवस आधी प्रत्येकाकडून कार्डाचा फोटो मागवून घेते आणि निघताना ओरिजिनल हातात धरून बघते. माणसं कंटाळतात, कंटाळू देत.

आता आईंकडे येऊ. खरं वय 72, म्हणजे सूट त्यांची हक्काची. पण आधार म्हणतं 63. कागद हातात घेतल्यावर अधिकारी कागदाचं ऐकणार, सुरकुत्यांचं नाही. हे दुखणं आपल्याकडे घराघरात आहे. शाळेत गेलेल्या जुन्या माणसांचा जन्म बहुतेक 1 जूनचा, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तर नाव घालताना तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. शाळेत न गेलेल्यांचा जन्म आधारच्या कॅम्पमध्ये 1 जानेवारीला झाला. ऑपरेटरनं विचारलं, "आजी, वय किती?" आजी म्हणाल्या, "असेल पन्नास." झालं. आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करता येते, पण साधारणपणे एकदाच, आणि त्यासाठी जन्माचा पुरावा लागतो, जो आईंकडे बहुधा नसणार. मेपर्यंत त्या फंदात पडू नका.

त्यापेक्षा आईंचं मतदान कार्ड शोधा. त्या मतदान करत असतील तर कार्ड घरात आहेच. शेषन निवडणूक आयुक्त होते तेव्हा, 1993 पासून, फोटोची ओळखपत्रं यायला लागली. तेव्हाच्या कार्डावर जन्मतारीख नसायची, "1-1-1995 रोजी वय 41" असं छापलेलं असायचं. आईंचं कार्ड त्या काळातलं असेल तर त्या हिशोबानं त्यांचं वय बरोबर 72 येतं, आणि नागरिकत्वाचा प्रश्नही मिटतो. वयाच्या सवलतीची मग गरजच उरत नाही. अडचण एकच. तीस वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा फोटो, वरचं लॅमिनेशन पिवळं पडलेलं, कोपरा सुटलेला, आणि फोटोत एक्केचाळीस वर्षांची बाई. तसं असेल तर 8 नंबरचा अर्ज भरा. पत्ता बदलणं, नावातली दुरुस्ती, नवीन फोटो, हरवलेल्या कार्डाच्या बदली दुसरं कार्ड, हे सगळं याच एका अर्जात होतं. ऑनलाइन भरता येतो, नाहीतर तहसील कचेरीत निवडणूक शाखेत द्या. तुमच्या यादीचा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा माणूस, कोण ते शोधा. बहुतेक जिल्हा परिषदेचे गुरुजी नाहीतर अंगणवाडी ताई असतात, ओळखीचेच निघतील. नवीन प्लॅस्टिक कार्ड पोस्टानं घरी येतं. त्याला किती दिवस लागतील याचा भरवसा धरू नका, म्हणून अर्ज याच आठवड्यात. जुनं कार्ड मात्र फेकू नका, नवीन आलं नाही तर तेच न्यायचंय.

वहिनींचं कार्ड माहेरच्या नावाचं आहे म्हणून तुम्ही काळजीत आहात. काळजीचं कारण नाही. शिरपूरचं आहे म्हणून तर मुळीच नाही, सीमेवर पत्ता कोणी बघत नाही. त्या भारताच्या नागरिक आहेत हे दाखवायला सीमेवर ते कार्ड चालतं, मग नाव माहेरचं असो की सासरचं. फक्त एक नियम पाळा : जे कार्ड दाखवणार त्यावरचंच नाव सगळीकडे. हॉटेलचं बुकिंग त्याच नावानं, तिथं काही परवाना काढला तर त्याच नावानं. सोबत विवाह नोंदणीचा दाखला आणि आधारची झेरॉक्स असू द्या, कोणी विचारलंच तर दोन नावांची सांगड घालायला. आणि एक चूक करू नका. कोणीतरी सांगेल, पारोळ्याला 6 नंबरचा नवीन अर्ज भरा, महिनाभरात सासरच्या नावाचं कार्ड. तो अर्ज पहिल्यांदा मतदार होणाऱ्याचा असतो. शिरपूरच्या यादीत नाव असताना तो भरणं म्हणजे खोटं लिहून देणं, आणि त्याला शिक्षा आहे. सावकाश 8 नंबरनं नाव आणि पत्ता बदलून घ्या, सहलीनंतर.

आता सगळ्यात नाजूक जागा, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. तुमचा सोळाचा मुलगा आणि सतराचा भाचा. 15 च्या आतले नाहीत, म्हणून आधारची सूट नाही. 18 पूर्ण नाहीत, म्हणून मतदान कार्ड नाही. मधल्या मध्ये लटकलेलं वय. अशांसाठी नियमात सोय आहे : शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, फोटो, आणि फोटोवर अर्धा येईल असा शाळेचा गोल शिक्का. तुमचा मुलगा दहावीची परीक्षा देतोय, निकाल लागेपर्यंत दाखला शाळेतच असतो, म्हणजे तो अजून त्याच शाळेचा विद्यार्थी. मुख्याध्यापक "आता तो आमचा नाही" म्हणाले तर हे सांगा. पण खरी अडचण तारखेची आहे. मे उजाडला की शाळा बंद, मुख्याध्यापक गावाला, आणि शिक्का शिपायाच्या ताब्यातल्या कपाटात. एप्रिलच्या पंधरा तारखेआधी कागद हातात आला पाहिजे.

भाच्याचं प्रमाणपत्र सुरतच्या शाळेतून आणायचं, तेही इंग्रजीत. गुजराती शिक्का वाचणारा सोनौलीला भेटेलच असं नाही. शिवाय त्याचे आईवडील सोबत नाहीत. मेहुणा आणि त्याची बायको दोघांच्या सहीचं संमतीपत्र घ्या : आमचा मुलगा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आत्या आणि फुवांबरोबर नेपाळला जातोय, आमची संमती आहे, खाली मोबाईल नंबर. दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स त्याला जोडा. नोटरी केली तर बरं. या सीमेवर मुलांच्या तस्करीवर नजर ठेवली जाते, ठेवायलाच हवी, त्यामुळे वेगळ्या आडनावाच्या पोराला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारले तर अपमान वाटून घेऊ नका. भाच्याला आधीच सांगून ठेवा की हसू नको, सरळ उत्तर दे. (सतरा वर्षांच्या पोरांना अशा ठिकाणीच विनोद सुचतात, हे अनुभवाचे बोल.)

नियम वाचताना तुम्हाला अजून एक सवलत दिसेल : नवरा, बायको, 18 च्या आतली मुलं आणि आईवडील एकत्र जात असतील आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारे इतर कागद चालतात. ऐकायला छान आहे. पण त्यात बहीण बसत नाही, भाऊजी बसत नाहीत, भाचा तर नाहीच. आणि आपल्या रेशन कार्डावर नातं असतं, पण प्रत्येकाचा फोटो कुठं असतो? ही सवलत खिशात राहू द्या, तिच्या जोरावर निघू नका.

धाकट्या भावाचं उत्तर सोपं. संपलेला पासपोर्ट म्हणजे पासपोर्ट नव्हे, विमानतळावर तो काढूच नका. मतदान कार्ड असेल तर त्यावर जाता येतं आणि येतानाही तेच चालतं. त्याचं तिकीट काढताना मात्र कार्ड समोर ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे चौधरी हे आडनाव इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहितात. एकाच घरात बापाच्या कार्डावर एक आणि मुलाच्या कार्डावर दुसरं असतं. तिकिटावर घरचं नाव टाकणारेही मी बघितलेत. त्या माणसाला अख्खा गाव बंटी म्हणतो हे विमान कंपनीला माहीत नसतं. चूक आधी सापडली तर दुरुस्त होते, काउंटरवर सापडली तर त्या दिवशीचं विमान गेलं समजा. वेळ असेल तर तो पासपोर्ट नवा करून घेऊ दे, त्याच्या कामाला पुढंमागं लागेलच.

मग सगळ्यांचेच काढावेत का? या सहलीसाठी नाही. 36 पानी पासपोर्टला मोठ्या माणसाची फी 1,500 रुपये, 18 च्या आतल्याची 1,000. नऊ जणांचे म्हणजे बारा हजारांच्या घरात गेलात. त्यावर पोलीस व्हेरिफिकेशन, कागदांची जुळवाजुळव आणि आईंच्या वयाचा घोळ. आईंना पासपोर्ट नको असेल तर त्यांचं ऐका. पण येत्या दोन-तीन वर्षांत थायलंड, दुबई, श्रीलंका असं काही डोक्यात असेल, तर तुम्ही दोघं आणि मुलांचे पासपोर्ट नेपाळहून आल्यावर निवांत काढा. त्यात एक गंमत आहे. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल तोवरचा. म्हणजे तुमच्या सोळाच्या मुलाला हजार रुपयांचा काढला तर दोनच वर्षं चालणार. 15 ते 18 मधल्या मुलांना 1,500 भरून दहा वर्षांचा काढता येतो, तोच काढा. आणि पासपोर्टवरच्या शेवटच्या तारखेवर विसंबू नका. अनेक देश प्रवासाच्या दिवसापासून पुढं सहा महिने मुदत शिल्लक मागतात, त्यामुळे दहा वर्षांचा पासपोर्ट कामाचा असतो साडेनऊ वर्षं. नावाच्या रकान्यात फक्त पहिलं नाव टाकून आडनाव कोरं सोडू नका. असे एकेरी नावाचे पासपोर्ट घेऊन गेलेल्यांना संयुक्त अरब अमिरातीनं 2022 पासून पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारलाय.

भाऊजींची गाडी. मला विचाराल तर नको. पारोळ्याहून सोनौलीपर्यंतच दोन दिवस जातील आणि आईंच्या पाठीचा चुराडा होईल. तरी ऐकत नसतील तर आरसी, लायसन्स, पीयूसी आणि इन्शुरन्स ओरिजिनल हवेत. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र. सीमा ओलांडल्यावर नेपाळच्या जकात कचेरीत, म्हणजे भन्सारला, दिवसाच्या हिशोबानं पैसे भरून पावती घ्यायची, ती गाडीत कायम ठेवायची. त्या पावतीवरची तारीख विक्रम संवताची असते, आपल्या सनाच्या पुढं 56-57 वर्षं, महिनेही वेगळे. मुदत कधी संपते ते खिडकीवरच इंग्रजी तारखेत विचारून मागे लिहून घ्या. आणि निघण्याआधी इन्शुरन्सच्या एजंटला फोन करा. आपली साधी पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते, नेपाळसाठी थोडा जादा हप्ता भरून वाढवून घ्यावी लागते. भाऊजींना हे एवढं वाचून दाखवा, बहुतेक रेल्वेचं तिकीट काढतील.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कागदांइतकाच हाही घोळ होतो. 2018 च्या डिसेंबरात नेपाळनं शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. नंतर नियम सैल करण्याच्या हालचाली झाल्यात, म्हणून निघायच्या आठवड्यात बँकेत नक्की काय ते विचारा. शंभराची नोट मात्र कुठंही चालते, आणि दर ठरलेला आहे : आपले 100 म्हणजे त्यांचे 160. कोणी दीडशेच देत असेल तर पुढच्या दुकानात जा. शंभराच्या गड्ड्यांसाठी बँकेत आधी सांगून ठेवा, लग्नसराईत त्या मिळत नाहीत. 2024 पासून आपलं यूपीआय तिथल्या क्यूआर कोडवर चालायला लागलंय, पण पोखऱ्याच्या वाटेवरच्या चहावाल्याकडे ते चालेल आणि तेव्हाच नेटही असेल, यावर भिस्त ठेवू नका.

कार्ड ठेवायची जागा. सगळ्यांची ओरिजिनल एकाच पाकिटात, आणि ते पाकीट एकाच पिशवीत, असं घरचा कर्ता माणूस हमखास करतो. करू नका. प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड त्याच्याजवळ, झेरॉक्सचा संच वहिनींच्या बॅगेत, दुसरा बहिणीच्या. मोबाईलमध्ये फोटो असू द्या, पण फोटो म्हणजे कार्ड नव्हे. चार-सहा पासपोर्ट साइझ फोटोही टाका, मुक्तिनाथकडे वळलात तर परवान्याला लागतात. तिथं कार्ड हरवलंच तर पोलिसांत तक्रार नोंदवून काठमांडूच्या लैनचौरमधल्या भारतीय वकिलातीत जायचं, ते परतीच्या प्रवासापुरता कागद करून देतात. तेव्हा त्या झेरॉक्सच उपयोगी पडतात. आईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी गोळ्यांच्याच पिशवीत.

राहिला तापीच्या पाण्याचा प्रश्न. रेल्वेनं आणि रस्त्यानं जाताय, बाटली कोणी अडवणार नाही. घट्ट झाकणाची घ्या, कपड्यांच्या बॅगेत नको, दशम्यांच्या डब्याशेजारी हातातल्या पिशवीत उभी ठेवा. भावाकडे मात्र देऊ नका, विमानात हातातल्या सामानात 100 मिलीच्या वरची बाटली नेऊ देत नाहीत आणि तापीचं पाणी कचऱ्याच्या डब्यात गेलेलं आईंना सांगायची हिंमत त्याच्यात नसेल. पशुपतीनाथाच्या गाभाऱ्यात आपल्याला जाता येत नाही, पूजा दक्षिणेतून आलेले भट्ट पुजारी करतात, तेव्हा पाणी त्यांच्या हाती द्यावं लागेल हे आईंना आत्ताच सांगून ठेवा. आणि बाटलीवर कागद चिकटवून "तापी" असं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर गोरखपूरच्या आधीच कोणीतरी पिऊन टाकेल.

तुमची ताई